‘मावशींचं घर एवढंसं का?’

मूल उड्डाणपुलाखाली संसार मांडलेल्या माणसांकडे बोट दाखवून ‘हे इथे का झोपतात?’ असे विचारते, तेव्हा काय सांगावे, हा प्रश्न पालकांकडून मी इतक्यांदा ऐकला आहे की त्यामागून येणारे वाक्यही मला पाठ झाले आहे: ‘खरे सांगितले तर घाबरेल आणि नाही सांगितले तर माजेल.’

मुंबईच्या उपनगरातून एक आई आपल्या पावणेसात वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). मुलीने घरी कामाला येणाऱ्या मावशींना तोंडावर सांगितले होते, ‘तू अभ्यास केला नाहीस म्हणून तुझं घर छोटं आहे.’ आई शरमेने अर्धी झाली होती. ‘हे ती शिकली कुठून?’ असे तिने विचारले, तेव्हा मी उलट विचारले, ‘अभ्यासाला बसवताना तुम्ही तिला काय म्हणता?’

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘अभ्यास नाही केलास तर धुणीभांडी करावी लागतील. सगळेच म्हणतात, मॅडम.’

सगळेच म्हणतात, हे खरे आहे. पण 2011 च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील 40 टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत असल्याचे नोंदले गेले, आणि एवढ्या लोकांनी लहानपणी गृहपाठ टाळला होता, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. मुलीने फक्त आपल्या धमकीतला तर्क शेवटपर्यंत नेला होता.

मुले विचार कसा करतात याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या वाटेने मी चालणारी आहे. या वयाचे मूल हातात वस्तू घेऊन विचार करते, त्यामुळे त्याला प्रवचन देऊन उपयोग नसतो. मी मुलीला 20 चिंचोके दिले आणि ही मावशींची महिन्याची कमाई आहे असे सांगितले. भाड्याचे 8 आणि किराण्याचे 7 तिने झटक्यात मोजले. मग ‘बाळाला ताप आला, डॉक्टरांचे 4’ असे म्हटल्यावर ती अडली, आणि शाळेच्या वाटीत ठेवलेले 3 चिंचोके तिने हळूच उचलले. थोड्या वेळाने तिने विचारले, ‘म्हणजे मावशीच्या आईनंपण असंच केलं असेल?’

पुढच्या भेटीत मी फरशीवर खडूने 10 फूट बाय 16 फुटांचा चौकोन आखला आणि यात 6 माणसे राहतात असे सांगितले. मुलगी वर्तमानपत्राची पाने अंथरुणे म्हणून मांडू लागली. चौथ्या पानाशी दार अडले, तेव्हा तोवर कोपऱ्यात बसलेली आई उठली, खडू घेऊन गुडघ्यांवर बसली आणि कोणी न सांगता एका कोपऱ्यात तिने मोरी काढली, तिच्याशेजारी ओटा काढला आणि ओट्याखाली एक पान सरकवले. ‘इथे एक जण झोपतो. आणि बाबा गॅलरीत.’

‘आई, तुला कसं माहीत?’

ती नायगावच्या बीडीडी चाळीत वाढली होती. 1920 च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने (बीडीडी) बांधलेल्या त्या तीनमजली चाळींत खोली 160 चौरस फुटांची आणि संडास मजल्यावर सामाईक. मुलीला ‘दादरजवळ राहायचो’ एवढेच ठाऊक होते. मी चौकोन 160 चौरस फुटांचाच का आखला, याचे श्रेय मी स्वतःकडे घेते; पहिल्या भेटीत ‘मोरी’ हा शब्द आईच्या तोंडून निसटला होता, त्यावरून मी चाळीचा अंदाज बांधला होता.

गरिबी मुलाला कशी सांगू, असे विचारणाऱ्या कित्येक पालकांना खरे तर स्वतःचे घर कसे सांगू, हे विचारायचे असते, हे मला त्या दुपारी कळले. म्हणून मी आता आधी पालकांनाच विचारते की त्यांच्या लहानपणी पाणी कोण भरायचे. वस्ती ‘दाखवायला’ मुलांना नेऊ नये, जुनी खेळणी त्यांच्या हातून समारंभाने वाटू नयेत. तिथे मूल फक्त वरून खाली बघायला शिकते. वर्गात हा खेळ घेणाऱ्या शिक्षकांनीही ध्यानात ठेवावे की समोरच्या काही मुलांचे घर तेवढेच असते. त्यांना अंथरुणे कशी बसवायची हे तुमच्यापेक्षा चांगले येते, तेव्हा त्यांना शिकवू द्यावे.

मुलीला मग मावशींचे घर मोजायचे होते. मी म्हटले, आधी त्यांना विचार. मावशींनी रविवारी यायला सांगितले, पण नऊनंतर. त्याआधी पाण्याची गडबड असते.