विंडोज १० चा सपोर्ट संपला. चौथ्या पिढीच्या आय-५ प्रोसेसरच्या जुन्या पीसीवर गेम खेळायला लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) टाकू की नवीन पीसीसाठी पैसे साठवू?

तुमचा चौथ्या पिढीचा आय-५, माझाही तोच, सोबत जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. म्हणून पहिलं सांगतो, पीसी विकू नका.

आमचं घर सांगलीत, गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ ची. पाणी पायरीला लागलं तेव्हा आईनं देव आणि कागदपत्रं उचलली, मी कॅबिनेट उचललं. हळदीच्या रिकाम्या पोत्यात घालून शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेलं. मॉनिटर आणि यूपीएस खाली राहिले ते गेलेच. पाणी उतरल्यावर कॅबिनेट उघडलं तर आत थेंब नव्हता, पण पोत्यातली हळद पंख्यात जाऊन बसली होती. ब्रशनं कितीही झाडा, पात्यांच्या बुडाशी पिवळी रेघ आजही आहे.

असा पीसी, आणि गेल्या वर्षी दुकानदार म्हणतो भंगारात घाला. का, तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही आणि प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा, म्हणून विंडोज ११ बसत नाही. दाजींनी त्याचीच री ओढली. "लिनक्स ऑफिसकामाला ठीक, गेम त्याच्यावर चालत नसतात." मी गणपतीच्या सुट्टीत लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलं.

पहिले दोन दिवस वाईट गेले. जुने गेम डी ड्राइव्हवर होते, स्टीमला, म्हणजे गेम विकत घेऊन खेळायच्या ॲपला, ते दिसतही होते. प्ले दाबलं की हिरवं बटण निळं व्हायचं, दहा सेकंदांनी परत हिरवं. एरर नाही, काही नाही. शेवटी कळलं की ड्राइव्ह एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता. विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं स्टीममधलं प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी विंडोजचा एक नकली सी ड्राइव्ह उभा करतो, त्यातल्या एका लिंकच्या नावात कोलन असतो आणि एनटीएफएसवर तिथंच घोळ होतो. ड्राइव्ह लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीनं फॉरमॅट केला, गेम पुन्हा उतरवले, त्या रात्री विचर ३ सुरू झाला. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा. कार्डाचा, म्हणजे एनव्हीडियाचा, ड्रायव्हरही मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधूनच घ्या.

मग दिवाळीला ताई, दाजी आणि भाचा आले. भाच्याला वॅलोरंट हा ऑनलाइन गेम हवा. ते लिनक्सवर चालत नाही, कारण त्याचं व्हॅनगार्ड, म्हणजे फसवणूक पकडणारी यंत्रणा, विंडोजच्या कर्नलमध्ये, अगदी गाभ्यात बसतं. दाजी सगळ्यांसमोर म्हणाले, "सांगितलं होतं ना." त्या दिवशी फराळाच्या ताटावर मी गप्प बसलो, पण खरं काय ते इथं लिहितो. विंडोज ११ वर व्हॅनगार्डला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं. म्हणजे जुगाड करून ११ टाकलं असतं तरी या पीसीवर वॅलोरंट चाललं नसतं. यात लिनक्सचा दोष नाही. बॅटलआय आणि ईझी अँटी-चीट या फसवणूक पकडणाऱ्या दुसऱ्या दोन्ही यंत्रणा २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात, फक्त गेम बनवणाऱ्यानं परवानगी द्यायला हवी. एल्डन रिंगनं दिली. फोर्टनाइटनं दिली नाही. एपेक्स लेजंड्सनं दिली होती, २०२४ मध्ये काढून घेतली. जीटीए ५ ची कथा चालते, ऑनलाइन चालत नाही. भाच्यानं मग काउंटर-स्ट्राइक २ खेळला, तो तर थेट लिनक्ससाठीच मिळतो, आणि रात्री अकराला ताईनं त्याला ओढून उठवला.

तेव्हा तुम्ही कुठले गेम खेळता ते आधी बघा. प्रोटॉनडीबी या वेबसाइटवर नाव टाकलं की लोकांचे अनुभव मिळतात. सगळं वॅलोरंटवरच असेल तर लिनक्सच्या नादी लागू नका. एकट्यानं खेळायचे गेम असतील तर नवीन पीसीला पैसे घालणं मला चूक वाटतं.

एक राहिलं. डायरेक्टएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्स यंत्रणा) वापरणारे गेम माझ्या कार्डावर विंडोजपेक्षा हळू चालतात, ते मान्य. एएमडीचं कार्ड असेल तर ड्रायव्हर वेगळा टाकावाही लागत नाही. आणि विंडोज १० वरच राहायचं असेल तर घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट आहेत, नोंदणी करून घ्या. दाजींच्या घरच्या पीसीवर अजून १० च आहे, त्यांनाही हे सांगायचंय.