डांबर संपते तिथून पुढे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे डोंगरातील रस्त्यांविषयीची आहेत. पावसाळा सरत आला की मेळघाटाकडे आणि सातपुड्याच्या इतर रांगांकडे पायी भटकंतीसाठी जाणाऱ्यांची संख्या वाढते, म्हणून चारही पत्रांना याच अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : आदरणीय ताई, आम्ही दर्यापूर तालुक्यातील पाच मित्र सप्टेंबरच्या शेवटी परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाऊन गाविलगड पाहणार आहोत. दुसऱ्या दिवशी पुढच्या एका कोरकू गावापर्यंत चार-पाच किलोमीटर कच्च्या रस्त्याने जाऊन तेथून टेकडी चढण्याचा विचार आहे. गाडी लहान आहे. आमच्यापैकी कोणीही घाटात गाडी चालवलेली नाही. मागच्या वर्षी एका नातेवाइकाच्या गाडीचे ब्रेक घाट उतरताना जळल्यासारखे झाले होते, त्यामुळे घरच्यांना काळजी वाटते. काय तयारी करावी?

उत्तर : घरच्यांची काळजी रास्त आहे. आपण सर्व जण खारपाणपट्ट्यातील (जमिनीखालचे पाणी खारे असलेल्या पट्ट्यातील), म्हणजे काळ्या मातीच्या चिखलातून पांदणीने गाडी काढण्याची सवय असलेले आहात. ती सवय उपयोगी पडेलच. मात्र सपाट प्रदेशात वाहन चालवणाऱ्याला घाटाचा चढ जेवढा अवघड वाटतो, त्याहून कितीतरी अधिक जोखीम उतारात असते, ही गोष्ट आधी मनात पक्की करावी.

परतवाडा समुद्रसपाटीपासून सुमारे ३७० मीटरवर आहे आणि चिखलदरा सुमारे ११०० मीटरवर. पाच माणसे व सामान धरून आपल्या लहान गाडीचे वजन साडेबारा क्विंटलच्या आसपास होईल. एवढे वजन सातशेहून अधिक मीटर खाली उतरताना जी शक्ती मोकळी होते, तिच्यात २५ लिटरहून अधिक पाणी उकळू शकेल. तिचा काही भाग वाऱ्यात आणि चाकांच्या घर्षणात जातो. उरलेला भाग एक तर इंजिनाने रोखायचा असतो, नाहीतर ब्रेकने. जो चालक वरच्या गिअरमध्ये किंवा, त्याहून वाईट म्हणजे, गाडी न्यूट्रल करून डिझेल-पेट्रोल वाचवायला जातो, तो ही सगळी उष्णता चार चाकांच्या लायनरवर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरावर, टाकतो. लायनर तापले की त्यांची पकड कमी होते. त्यातच ब्रेक ऑइल जुने असेल तर धोका वाढतो, कारण ते हवेतील ओल शोषून घेते, ओल शोषलेले ऑइल लवकर उकळते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचा ब्रेक मऊ पडून खाली जातो. आपल्या नातेवाइकांच्या गाडीचे नेमके काय झाले ते पत्रावरून सांगता येणार नाही, पण जळका वास ही या साखळीची पहिली खूण असते.

म्हणून निघण्यापूर्वी मिस्त्रीकडून लायनर तपासून घ्यावेत, आणि ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर ते बदलावे. घाटात ज्या गिअरमध्ये एखादा चढ चढावा लागला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. तीव्र वळणांवर हा बहुधा दुसरा गिअर असतो, काही ठिकाणी पहिलाही लागतो. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकावा, अर्ध्या उतारावर नव्हे. ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नये. वेग वाढला की नीट दाबून कमी करावा आणि पाय काढून घ्यावा. वास आलाच, तर सपाट व रुंद जागा पाहून थांबावे, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत आणि अर्धा तास जाऊ द्यावा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतण्याची आपल्याकडे सर्रास चाल आहे. ती कृपया पाळू नये, कारण तापलेले लोखंड अचानक थंड झाले की तडकू शकते.

चढाला वेगळी पथ्ये आहेत. अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरू नये, क्लचप्लेट त्यानेच जाते. थांबावे लागले तर हँडब्रेक ओढावा आणि निघताना क्लच पकडू लागल्याचे जाणवले की मगच तो सोडावा. हे कौशल्य घाटात शिकण्याऐवजी आपल्या गावाजवळच्या एखाद्या पुलाच्या चढावर दोन दिवस शिकून घ्यावे. अरुंद जागी समोरासमोर आल्यास चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यायची असते. हा केवळ शिष्टाचार नाही, वाहन चालवण्याच्या केंद्रीय नियमांतही तो आहे. एसटी बसला वळणावर संपूर्ण रस्ता लागतो, म्हणून ती दिसताच वळणाच्या अलीकडे थांबावे. पावसाळ्यानंतर साइडपट्टी खालून पोखरलेली असते, तेव्हा बाजू देताना बाहेरचे चाक तिच्यावर घालू नये.

गाविलगडापर्यंत आपल्याला काहीच अडचण येणार नाही, कारण चिखलदऱ्याच्या पठारावरून तेथे चांगल्या रस्त्याने जाता येते. याच पठाराच्या बाजूने गडाला भिडण्यासाठी डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांच्या बाजूच्या कर्नल स्टीव्हन्सनच्या सैन्याने अवजड तोफा डोंगरदऱ्यांतून हातांनी ओढत आणल्या होत्या, आणि त्यासाठी रस्ताही त्यांना स्वतःच तयार करावा लागला होता. गडाची दक्षिण बाजू किती खडी आहे हे तेथे उभे राहिल्यावर कळते, म्हणजे एवढा वळसा त्यांनी का घेतला हेही उमजते.

आता खरा प्रश्न त्या चार-पाच किलोमीटरांचा. माझे मत स्पष्ट आहे : जेथे डांबर संपते तेथून आपली पायपीट सुरू झाली असे समजावे आणि गाडी जेवढी पुढे जाईल तेवढा फायदा मानावा. पाच किलोमीटर चालायला सव्वा-दीड तास लागतो, तर फुटलेला चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) घेऊन मेळघाटातून गाडी ओढत आणायला सगळा दिवस जातो आणि खिसाही रिकामा होतो. टेकडीच्या अगदी पायथ्याशी गाडी नेण्याचा हट्ट बहुतेक वेळा ज्याला गाडी दाखवायची असते त्याचा असतो, चालणाऱ्याचा नसतो.

तरीही रस्ता कोरडा असेल आणि आपण आत जाण्याचे ठरवले, तर चालक सोडून सर्वांनी उतरावे. चौघे उतरले की अडीच क्विंटल भार कमी होतो, गाडी थोडी वर उचलली जाते, आणि एकाला पुढे चालत राहून चाकांची जागा दाखवता येते. ट्रॅक्टर आणि बंड्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या खोल असतील तर त्यांत चाके घालू नयेत, कारण मधला उंचवटा थेट चेंबरला लागतो; एक चाक त्या उंचवट्यावर आणि दुसरे कडेच्या घट्ट जागेवर ठेवून हळू पुढे सरकावे. मुरूम पाणी पिऊनही बऱ्यापैकी टणक राहतो. सुटी गिट्टी कोरडी असली तरी चाक फिरवते, तेथे थांबू नये आणि एकदम गतीही देऊ नये. टायरमधील हवा कमी करण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. वाळूत तो बरोबर आहे, पण टोकदार काळ्या दगडांवर कमी हवेचा टायर रिमखाली चेंगरून कडेला फाटतो, आणि कडेला फाटलेला टायर पंक्चरवाल्याच्या हाती दुरुस्त होत नाही. हवा योग्य तेवढीच ठेवावी. स्टेपनीतील हवा परतवाड्यातच पाहून घ्यावी, टाकी तेथेच भरावी, आणि जॅकखाली ठेवायला एक जाड फळी सोबत असावी, नाहीतर ओल्या जमिनीत जॅकच खाली जातो.

जेथे गाडी वळवायला जागा आहे तिच्या पुढे, पुढची जागा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जाऊ नये. गाडी ठेवताना तोंड परतीच्या दिशेला करावे, चाके डोंगराकडे वळवावीत, मागेपुढे दगड लावावेत. आपण जाल तेव्हा सोयाबीन काढणीला आलेले असेल, त्यामुळे खळ्याच्या जागेवर किंवा शेताच्या तोंडाशी गाडी लावू नये. गावात विचारावे, ते दाखवतील तेथेच लावावी. टेकडी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येते का, हे मात्र वन विभागाच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे, आणि येत असेल तर परवानगीशिवाय पाऊल टाकू नये.

प्रश्न : आम्ही चांदूर बाजार तालुक्यातील आहोत. गेल्या पावसाळ्यात एका धबधब्याकडे जाताना रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी वाहत होते. दोन काळ्यापिवळ्या जीप निघून गेल्या, म्हणून आम्हीही गाडी घातली आणि ती मध्येच बंद पडली. ढकलून काढली, पण तेव्हापासून मनात भीती आहे. किती पाण्यातून गाडी न्यावी?

उत्तर : वाहत्या पाण्यातून, तळ दिसत नसेल तर, थोड्याही पाण्यातून नेऊ नये. फूटभर वाहते पाणी बहुतेक लहान गाड्यांना तरंगवून कडेला ढकलू शकते. जीपवाले निघून गेले, कारण त्यांची गाडी उंच आहे, माणसे भरलेली असल्याने जड आहे, आणि तो रपटा त्यांच्या रोजच्या पायाखालचा आहे. आपल्याला मात्र पाण्याखाली काय आहे ते ठाऊक नव्हते. पुरात रपट्याची कड वाहून गेलेली असते आणि गढूळ पाण्याखाली ती दिसत नाही. दोन्ही बाजूंचे दगडी खांब स्पष्ट दिसत नसतील तर रस्ता कोठे संपतो हे कोणालाच सांगता येणार नाही.

सातपुड्यातील नाल्यांचा स्वभाव ओळखला तर भीती राहणार नाही आणि घाईही होणार नाही. येथील काळ्या खडकात पाणी कमी मुरते आणि उतार तीव्र आहे, त्यामुळे वरच्या बाजूला पाऊस झाला की आपल्या डोक्यावर ऊन असतानाही नाला एकाएकी फुगतो. पाण्याचा रंग बदलू लागला, काड्या आणि पालापाचोळा येऊ लागला, की पाणी चढत आहे असे समजून मागे फिरावे. हेच लहान नाले वरचा पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत ओसरतात. डबा उघडून बसावे. सप्टेंबरात विजांचा पाऊस बहुतेक दुपारनंतर येतो, म्हणून वाटेत रपटे असतील तर सकाळी कोरडा ओलांडलेला रपटा संध्याकाळी भरलेला मिळू शकतो हे धरून दुपारीच परत निघावे.

गाडी पाण्यात बंद पडल्यावर आपण सेल्फ मारला की नाही हे लिहिलेले नाही. मारू नये. इंजिनात शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही, आणि पिस्टनचा दांडा वाकतो. तो खर्च मोठा आहे. उथळ पाण्यातून सुखरूप निघालात तरी पुढे थोडे अंतर ब्रेक हलकेच दाबत जावे, म्हणजे लायनर कोरडे होतात.

प्रश्न : ताई, मी तेल्हारा तालुक्यातील गृहिणी आहे. दिवाळीनंतर सासूबाई आणि दोन मुलांसह नरनाळा किल्ला पाहायचा आहे. यजमान म्हणतात, स्वतःच्या गाडीने वर जाऊ. दीर म्हणतात, पायी चढू.

उत्तर : नरनाळा वन विभागाच्या अखत्यारीतील जंगलात आहे आणि शहानूर येथील फाटकातून नोंद करूनच वर जाता येते, त्यामुळे गाडी न्यायची की चालायचे हे त्या दिवशीच्या नियमांवर ठरेल, फाटकावर आधी चौकशी करून मगच घरातील वाद मिटवावा. सासूबाई सोबत असल्याने वाहनानेच वर जाणे योग्य वाटते. वर गेल्यावरही किल्ल्यात भरपूर चालावे लागते, आणि १४८७ चा शिलालेख असलेला महाकाली दरवाजा नीट पाहायचा तर पायांत तेवढी ताकद शिल्लक हवी. मुलांना वळणांवर मळमळत असेल तर निघण्यापूर्वी हलके खाऊ द्यावे, आणि गाडीत पुस्तक किंवा मोबाइल हाती देऊ नये.

प्रश्न : जंगलातील रस्त्यांसाठी मोबाइलवरील नकाशावर विसंबावे का? परतताना अंधार झाला तर काय करावे? (एक वाचक, धारणी तालुका)

उत्तर : नकाशावर दिसणारा रस्ता पक्का आहे, खुला आहे किंवा अस्तित्वात आहे, असे मानू नये, वन विभागाच्या गस्तीचे मार्गही त्यावर सर्वांसाठी खुले असल्यासारखे दिसतात. नकाशा घरीच उतरवून घ्यावा, कारण मेळघाटात बऱ्याच टापूंत नेटवर्क नसते, आणि नाक्यावरील वनरक्षकाला व काळीपिवळीच्या चालकाला विचारून तो पडताळावा. अमुक वेळेपर्यंत परतलो नाही तर कोणाला कळवायचे, हे घरी लिहून ठेवावे.

अंधार होऊ नये अशाच बेताने निघावे. झाल्यास वेग इतका कमी ठेवावा, की दिव्याच्या उजेडात दिसणाऱ्या अंतरातच गाडी थांबवता येईल. रानगवा किंवा सांबर रस्त्यात उभे असेल तर मोठा दिवा बंद करून, हॉर्न न वाजवता थांबावे. एक ओलांडून गेले की मागे कळप असतो, म्हणून लगेच गाडी हलवू नये. अस्वल दिसल्यास काच वर करून गाडीतच बसून राहावे आणि फोटोसाठी कोणालाही उतरू देऊ नये.