दुखणं किती, यापेक्षा कसं : पोटाच्या तक्रारींवर वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आठ महिने रोज पॅन्टोप्राझोल 40 घेतोय. दोनदा बंद करून पाहिली, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी आधीपेक्षा जास्त जळजळ सुरू झाली. आता ही गोळी जन्मभराची समजायची का? (वय 44)

बहुधा नाही. गोळी सोडल्यावर उसळणारी जळजळ म्हणजे मूळ आजार परत आला असं दर वेळी नसतं. ही गोळी जठरातल्या आम्ल सोडणाऱ्या पंपांना कुलूप लावते. आम्ल कमी पडतंय हे लक्षात आलं की शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि आम्लनिर्मितीला चालना देणाऱ्या पेशीही वाढतात. कुलूप एकदम काढलं की हा सगळा वाढलेला फौजफाटा मोकळा सुटतो. काही आठवडे आम्ल नेहमीपेक्षा जास्त तयार होतं, मग आपोआप ओसरतं.

म्हणून गोळी एका दिवसात तोडू नये. 40 वरून 20 मिलिग्रॅमवर येऊन दोन ते चार आठवडे काढा, पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड घ्या आणि मग थांबा. मधल्या काळात जळजळ झालीच तर जेवणानंतर अल्जिनेट (जठरातल्या अन्नावर तरंगता थर धरून आम्ल वर येऊ न देणारा घटक) असलेलं पातळ औषध पुरतं. मात्र गोळी कशासाठी सुरू केली होती हे आधी डॉक्टरांशी पडताळा. रक्त पातळ करणारी औषधं किंवा अ‍ॅस्पिरिन सुरू असेल, पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं असेल किंवा एंडोस्कोपीत अन्ननलिकेला मोठी इजा दिसली असेल, तर ही गोळी संरक्षणासाठी असते. ती स्वतःहून बंद करायची नाही.

गोळी लागू पडत नाही म्हणणारे बरेच जण ती नाश्त्यानंतर घेत असतात. ती फक्त चालू असलेल्या पंपांवर काम करते आणि पंप चालू होतात ते खाण्याने. त्यामुळे नाश्त्याआधी अर्धा ते एक तास, हीच तिची वेळ.

रात्री आंबट पाणी वर येत असेल तर उशा वाढवून उपयोग नाही. त्याने कंबरेत घडी पडते आणि पोटावरचा दाब उलट वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटर उंचीचे ठोकळे द्या, म्हणजे सगळं धड उतरतं राहील. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा आणि डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर जठराचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतो.

अजून झाली नसेल तर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची तपासणी करून घ्या. अल्सरचा संबंध या जिवाणूशी जोडणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना 2005 चं नोबेल मिळालं, तरी अल्सरचं खापर अजून तिखटावर आणि ताणावरच फुटतं. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीआधी ही गोळी दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं लागतं. नाहीतर जिवाणू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

घास अडकणं, गिळताना दुखणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी, रक्तक्षय किंवा साठीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली जळजळ, यांपैकी काही असेल तर गोळ्यांचा हिशेब बाजूला ठेवून एंडोस्कोपी करा. आणि जिना चढताना येणारी, थांबलं की जाणारी छातीतली ‘जळजळ’ हृदयाची नाही हे सिद्ध होईपर्यंत ती हृदयाचीच धरायची. सोबत घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ असेल तर थेट इस्पितळ गाठा.

प्रश्न : पोट दुखायला लागलं की घरात सगळे ‘गॅस असेल’ म्हणतात. अपेंडिक्स आहे की गॅस, हे घरी कसं ओळखायचं?

नक्की निदान घरी होत नाही, पण थांबायचं की निघायचं हे ठरवता येतं. त्यासाठी ‘किती दुखतंय’ यापेक्षा दुखणं कुठून कुठे गेलं आणि माणूस कसा पडून आहे, ते पाहा.

गॅसचं दुखणं फिरतं. आत्ता डावीकडे, मग वर, वारा सरला की कमी. अपेंडिक्सचं दुखणं बहुतेकदा बेंबीभोवती मोघम सुरू होतं, भूक मरते, मळमळतं किंवा एखाद-दुसरी उलटी होते. नंतर साधारण 12 ते 24 तासांत ते उजवीकडे खाली उतरतं आणि एका बोटाने दाखवता येईल असं पक्कं होतं. कारण असं की सुरुवातीला फक्त अपेंडिक्सच्या नसा बोलत असतात आणि त्यांचा संदेश मेंदूला बेंबीपाशी जाणवतो. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की नेमकी जागा कळते. हे अस्तर हलणं सहन करत नाही. त्यामुळे खोकलं, टाचांवर आपटलं किंवा गाडी गतिरोधकावरून गेली की कळ मारते.

म्हणून, मुरडा आलेला माणूस तळमळतो, कुशी बदलतो. पोटाच्या अस्तराला सूज आलेला माणूस गुडघे जवळ घेऊन निपचित पडतो, कुणी हात लावायला गेलं तर अडवतो. आरडाओरडा करणाऱ्याकडे सगळे धावतात, काळजी अनेकदा या गप्प पडलेल्याची करायला हवी.

अशा वेळी जुलाबाचं औषध किंवा एनिमा अजिबात नको, सुजलेलं अपेंडिक्स फुटू शकतं. खाणं थांबवा आणि निघा. इंजेक्शन घेतलं तर निदान झाकलं जाईल ही भीती जुनी आहे. डॉक्टर तपासून वेदनाशामक देतात, त्याने निदान अडत नाही.

उजव्या बरगडीखाली, तेलकट जेवणानंतर तास-दोन तास टिकणारी, पाठीत खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाणारी कळ पित्ताशयाच्या खड्यांची असू शकते. त्यात थंडी-ताप आणि डोळे पिवळे झाले तर त्याच दिवशी इस्पितळ. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वाराही सरत नाही, तर आतडं अडकलं असण्याची शंका घ्या. पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात एका बाजूला दुखलं तर आधी गर्भनलिकेतली गर्भधारणा नाही ना, हे पाहावं लागतं. मुलगा ‘खाली पोटात’ दुखतंय म्हणाला तर वृषणात दुखतंय का हे स्पष्ट विचारा. वृषणाला पीळ पडला असेल तर ते वाचवायला साधारण सहा तास मिळतात आणि संकोचात मुलं ते सांगत नाहीत.

म्हातारी माणसं, मधुमेही आणि स्टेरॉइड घेणारे यांच्यात दुखणं आजाराच्या मानाने कमी असतं. त्यांच्यासाठी हे सगळे निकष सैल करून लवकर निघावं.

प्रश्न : दोन वर्षांच्या मुलीला जुलाब-उलट्या होताहेत. ओआरएस दिलं की लगेच उलटून टाकते. मग द्यायचं की नाही?

द्यायचं, पण पेल्याने नाही, चमच्याने. तहानलेलं मूल घटाघटा पितं आणि ताणलेलं जठर ते परत फेकतं. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा द्या. तासभर असं टिकलं की हळूहळू वाढवा. प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखाली 50 ते 100 मिलिलिटर, त्यापुढच्या मुलांना 100 ते 200.

पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट एक लिटरमध्येच घाला. काही पाकिटं 200 मिलिलिटरची असतात, म्हणून वाचून घ्या. अंदाजाने पेलाभर पाण्यात घातलेलं दाट मिश्रण रक्तातलं मीठ वाढवतं आणि ते धोक्याचं आहे. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा छोटे चमचे (5 मिलिलिटरचे) साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मोजून, डोळ्यांनी नाही. आतड्यातली एक वाट सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत घेते आणि त्यांच्यामागे पाणी जातं. फार गोड पेयांत हे प्रमाण बिघडतं आणि जुलाब वाढतात. केलेलं द्रावण 24 तासांनी ओतून द्या.

अंगावरचं दूध आणि नेहमीचं खाणं चालू ठेवा. सहा महिन्यांवरच्या मुलांना झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 10 ते 14 दिवस, जुलाब थांबले तरी. जुलाब बंद करणाऱ्या गोळ्या लहान मुलांना नकोत.

सहा-आठ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल, मूल गळून गेलंय, शौचात रक्त, हिरवी उलटी, किंवा पाजलेलं काहीच पोटात ठरत नाही, यांपैकी एकही असेल तर रात्र असली तरी निघा.

प्रश्न : चार दिवस शौचाला काळं होतंय. हिमोग्लोबिनसाठी गोळ्या चालू आहेत. घाबरायचं कारण आहे का?

लोहाच्या गोळीने शौच काळपट-हिरवट होतं, पण घट्टपणा नेहमीचा राहतो. जठरातून रक्त जात असेल तर ते डांबरासारखं काळं, चकाकणारं, चिकट असतं, पाण्याने सहज निघत नाही आणि त्याचा उग्र वास लपत नाही. असं असेल, उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, किंवा सांधेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या चालू असतील, तर आजच इस्पितळात जा. फरक कळत नसेल तरीही आज दाखवा. आणि हिमोग्लोबिन मुळात का उतरलं, हे कुणी शोधलंय का? पुरुषांत आणि पाळी गेलेल्या स्त्रियांत लोहाची कमतरता आढळली तर गोळ्यांबरोबर पोटाची तपासणीही लागते.

प्रश्न : इसबगोल घेऊनही पोट साफ होत नाही, उलट जड वाटतं.

पाणी कमी पडत असणार. एक मोठा चमचा इसबगोलाला भरलेला एक पेला पाणी, आणि दिवसभरातलं पाणी वेगळं. एकदम दोन चमच्यांनी सुरुवात केली तर पोट फुगणारच. अर्ध्या चमच्याने सुरू करून दर आठवड्याला वाढवा. तरीही मल उतरत नसेल तर मॅक्रोगोलसारखं मलात पाणी धरून ठेवणारं औषध डॉक्टरांना विचारा.

नाश्त्यानंतर अर्ध्या तासात आतड्याची हालचाल सगळ्यात जोरात असते, ती वेळ चुकवू नका. कमोडवर बसत असाल तर पायांखाली छोटा स्टूल घ्या, गुडघे कंबरेच्या वर आले की गुदमार्गाचा कोन सरळ होतो. रोज झालंच पाहिजे असंही नाही. दिवसाला तीनदा ते आठवड्याला तीनदा, विनासायास, हे नॉर्मलच. चाळिशी-पन्नाशीनंतर सवय अचानक बदलली किंवा रक्त दिसलं, तर मूळव्याध समजून मलम लावत बसू नका, कोलोनोस्कोपीबद्दल विचारा. मूळव्याध असली म्हणजे वर आतड्यात काही नाही, असं होत नाही.

प्रश्न : सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतं. मनाचे खेळ म्हणतात.

खेळ नाही. इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये आतड्याची रचना ठीक असते, संवेदना आणि हालचाल बिघडलेली असते, म्हणून सोनोग्राफीत काही दिसत नाही. आठवड्यातून निदान एक दिवस, असे तीन महिने दुखणं, शौचाशी त्याचा संबंध आणि शौचाच्या स्वरूपात किंवा वारंवारतेत बदल, यावरून निदान होतं. झोपेतून उठवणारे जुलाब, रक्त, ताप किंवा वजन घटणं मात्र यात बसत नाही. सीलिएकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराची, रक्ततपासणी राहिली असेल तर करून घ्या, पण त्याआधी गहू बंद करू नका. गहू सोडल्यावर ती तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

पुढच्या भेटीला दोन आठवड्यांची नोंद घेऊन जा : वेळ, काय खाल्लं, कुठे दुखलं, किती वेळ, शौचानंतर कमी झालं का, शौच खड्यांसारखं की पातळ. फायलीतल्या आणखी एका सोनोग्राफीपेक्षा डॉक्टरांना ही दोन पानं जास्त उपयोगी पडतील.