आमच्याच विमानांनी सोडवलं

प्रश्न : माझे आजोबा मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात लिबियातल्या तोब्रुकला पकडले गेले, आधी इटलीत आणि मग फ्रान्समध्ये कैदेत होते. सांगायचे, "आमच्याच बाजूच्या विमानांनी आम्हाला सोडवलं. मग बर्फाचे डोंगर ओलांडून चालत स्वीसला गेलो." 'पिनाल' असं काही नाव घ्यायचे. घरात सगळे हसण्यावारी न्यायचे. यात तथ्य किती?
— एक वाचक, सातारा

उत्तर : हसणाऱ्यांनी आधी आजोबांच्या फोटोला हात जोडावेत. 'पिनाल' म्हणजे पूर्व फ्रान्समधलं एपिनाल. तिथं जर्मनांच्या छावणीत सुमारे तीन हजार हिंदी युद्धकैदी होते. ११ मे १९४४ला अमेरिकन विमानं आली ती तिथल्या रेल्वेवर बॉम्ब टाकायला, पण बॉम्ब छावणीवरही पडले. साठहून अधिक कैदी मेले, भिंती कोसळल्या आणि उरलेले बाहेर पडले. तेव्हा विमानांनी सोडवलं हे अक्षरशः खरं. मात्र त्या सुटकेची किंमत शेजारच्या जवानांनी दिली, हे आजोबा बहुधा घरी बोलले नसतील.

स्वित्झर्लंडची हद्द शंभरेक किलोमीटरवर. दिवसा रानात दडायचं, रात्री चालायचं. फौजेत मीही रात्रीची तीस किलोमीटरची चाल केली आहे, पण पोटभर जेवून आणि हाती नकाशा घेऊन. तरी सकाळी टाचा सोललेल्या असायच्या. यांना ना वाट माहीत ना भाषा. शेतकऱ्यांनी खाऊ घातलं, वाट दाखवली. एतोबों या खेड्यानं अनेकांना थारा दिला. पुढे २७ सप्टेंबरला जर्मनांनी त्याच गावच्या ३९ पुरुषांना गोळ्या घातल्या. सुमारे पाचशे हिंदी जवान हद्दीपार पोचले.

बर्फाचे डोंगर मात्र गोष्टीतून काढा. मे महिना होता, वाटेत जंगल आणि ठेंगण्या टेकड्या. आल्प्स बरेच पुढे.

मराठ्यांची २/५ पलटण, म्हणजे पाचव्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, जून १९४२मध्ये तोब्रुकला कैद झाली होती, त्यामुळे सुरुवातही जुळते. तरी आजोबा त्या पाचशेंत होते, असं मी इथं बसून सांगणार नाही. डिस्चार्ज बुकावरचा नंबर घेऊन बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिहा. जिनिव्यात रेड क्रॉसकडे युद्धकैद्यांच्या नोंदी आहेत, तिथंही विचारा. नाव चार तऱ्हांनी लिहून पाठवा. कारकुनांनी आपल्या आडनावांचं काय केलं असेल, नेम नाही. आणि 'पोरांत्रुई' असं काही ते म्हणायचे का, हे आजीला विचारा. हद्दीपलीकडचं गाव ते.