टर्बोचं नंतर बघू, आधी ती पॉलिसी परत करा

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४१, हातात येणारा पगार ७२ हजार, घराचा हप्ता २१ हजार, बायको घरी, दोन मुलं शाळेत. गाडी २०१३ ची डिझायर डिझेल, १ लाख ४८ हजार किमी झालेली. कसारा घाटात ओढत नाही, काळा धूर सोडते, सकाळी स्टार्ट केली की पुढून खडखड आवाज येतो. गॅरेजवाल्याने टर्बो (इंजिनात जादा हवा भरणारा पंखा), इंजेक्टर, चेन वगैरे मिळून ८६ हजारांचं एस्टिमेट दिलंय आणि त्यांचा प्रश्न एवढाच की जुन्या गाडीत एवढे पैसे घालू की १२ लाखांची नवी एसयूव्ही फुल लोनवर घेऊ.

प्रश्न साधा आहे, पण पत्राच्या शेवटी त्यांनी सहज लिहिलंय की बँकेतल्या साहेबांनी सांगितलं, एफडीतले पाच लाख गाडीत घालू नका, त्यातून गॅरंटीड इन्कम प्लॅन घ्या, त्याच्या पैशातून गाडीचा हप्ता सुटेल. आणि यांनी एक लाखाचा पहिला प्रीमियम भरूनही टाकलाय! पॉलिसी मागच्या आठवड्यात हातात आली.

साहेब, गाडी चार दिवस उभी राहिली तरी चालेल. ही पॉलिसी थांबणार नाही.

तुम्ही पाठवलेला प्लॅन असा आहे, वर्षाला १ लाख दहा वर्षं भरायचे आणि बारावं वर्ष संपलं की दर वर्षी दीड लाख, असे बारा वर्षं मिळणार. दहा भरले, अठरा मिळाले, म्हणजे ८० टक्के फायदा, असं तुम्हाला सांगितलं गेलं. पण हे पैसे चोवीस वर्षांत पसरलेत, वर्षाचा हिशोब काढला तर परतावा पाच टक्क्यांच्या आतच बसतो, आणि गाडीचं कर्ज तुम्ही घेणार नऊ टक्क्यांनी. त्यात गंमत अशी की गाडीचा हप्ता सात वर्षांत संपतो आणि प्लॅनचा पहिला पैसा येतो बारा वर्षांनी. मग कुठला हप्ता सुटणार आहे त्यातून? हा प्रश्न त्या साहेबांना पडला नसेल असं मला वाटत नाही, त्यांना महिन्याचं टार्गेट असतं.

आता महिन्याचं बघा. १२ लाख, नऊ टक्के, सात वर्षं, हप्ता १९,३०० च्या आसपास, एकूण व्याज सव्वाचार लाख. घराचा २१ हजार. प्रीमियमचे महिन्याला ८,३०० बाजूला काढावे लागतील. झाले ४८-४९ हजार, उरले २३, त्यात चार माणसांचं घर, शाळेच्या फिया आणि नव्या गाडीचा इन्शुरन्स. आणि एवढं करून तुमच्या जिवाचं कव्हर किती, तर प्लॅनमधले दहा-अकरा लाख, घराचं कर्जच चोवीस लाख बाकी असताना! टर्म प्लॅन, म्हणजे नुसता जिवाचा विमा, नाहीच. एक कोटीचं साधं टर्म कव्हर तुमच्या वयाला, सिगरेट नसेल तर, वर्षाला वीसेक हजारात बसतं, मागेपुढे होईल थोडं. ते आधी घ्यायला हवं होतं.

तर करायचं काय? पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवस फ्री लूकचे असतात, त्यात कारण देऊन पॉलिसी परत करता येते. बँकेत जाऊ नका, तिथे चहा पाजून परत पाठवतील. विमा कंपनीच्या शाखेत लेखी अर्ज, पॉलिसी, कॅन्सल्ड चेक द्या आणि तारखेची पोच घ्या, ईमेलही टाका. स्टॅम्प ड्युटी, मेडिकल झाली असेल तर तिचा खर्च आणि मधल्या दिवसांच्या कव्हरचे पैसे कापून बाकी रक्कम परत येते. टाळाटाळ केली तर विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार, त्याच्यापुढे विमा लोकपाल. तीस दिवस उलटले तर मग सरेंडर, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडणं, आणि त्यात भरलेल्यातला मोठा तुकडा जातो.

आता गाडी. तुमचं इंजिन म्हणजे फियाटचं १.३ मल्टीजेट, १२४८ सीसी, जे मारुतीने लायसन्सवर बनवलं आणि टाटा, शेवरोलेच्या गाड्यांतही बसलं, आपल्या रांजणगावातही बनायचं. नॅशनल इंजिन म्हणायचे लोक त्याला. २०२० मध्ये बीएस-सिक्सचे प्रदूषणाचे नियम आल्यावर मारुतीने डिझेलच बंद केलं, पण पार्ट गल्लोगल्ली मिळतात आणि हात बसलेले मेकॅनिकही. दीड लाख किमीला हे इंजिन म्हातारं होत नाही, फक्त ऑइल वेळेवर पाहिजे. आणि तुम्ही लिहिलंय की महिन्याला ५०० किमीच होतात म्हणून १९ महिने ऑइल बदललं नाही. अहो १० हजार किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते! तीन-साडेतीन हजार वाचवले आणि ८६ हजारांचं एस्टिमेट आणलं. इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो तो ऑइलच्याच थरावर. त्यात घर ते ऑफिस चार किमी, इंजिन नीट गरमच होत नाही, काजळी साठणारच.

एस्टिमेट, हजारांत: टर्बो ३२, चार इंजेक्टर २८, चेन किट २२, डिकार्बोनायझेशन (काजळी साफ करणं) ४. यातलं चेनचं काम टाळू नका. स्टार्टिंगचा खडखडाट चेनचा निघाला तर ते आधी, कारण चेन घसरली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग हेडच खोलावं लागतं. टर्बोला मात्र लगेच हो म्हणू नका. काळा धूर आणि ओढ नाही, पण ऑइल कमी होत नाही, म्हणजे आधी टर्बोचा रबरी होज फाटलाय का, एअर फिल्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) एवढं बघायला सांगा, होज दोन-तीन हजारांत होतो. निळा धूर आणि ऑइल पिणं असेल तर टर्बोवर संशय घ्या, तेव्हाही बऱ्याचदा नुसती कार्ट्रिज, म्हणजे टर्बोचा आतला फिरणारा भाग, बदलून भागतं, फक्त ऑइलचा फीड पाइप साफ करायला लावा, नाहीतर नवीनही जाईल. इंजेक्टरची पंप-नोझलवाल्याकडून रिटर्न टेस्ट (किती डिझेल परत जातं ते) करून घ्या, चारही एकदम खराब होत नाहीत सहसा. डिकार्बचे चार हजार राहू द्या.

माझा अंदाज ४५ हजारांत काम होईल. पूर्ण ८६ गेले तरी नव्या गाडीचे साडेचार हप्ते. दिल्लीचा दहा वर्षांचा डिझेलचा नियम इकडे नाही, तुमचं रजिस्ट्रेशन २०२८ पर्यंत आहे, नंतर आरटीओत तपासणी करून फी आणि पर्यावरण कर भरला की पाच वर्षं वाढतं.

एकच अट, पैसे घालायच्या आधी चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट (आत दाब किती बनतो ते) करा. एकातही कमी निघालं तर एक रुपया घालू नका, एक्स्चेंजमध्ये १ लाख ९० हजार म्हणतायत ना, तेवढ्याला द्या आणि चार-साडेचार लाखांची वापरलेली पेट्रोल बघा, रोख. वर्षाला सहा हजार किमी फिरणाऱ्याला डिझेलने इंधनात वाचतात दहा-बारा हजार, त्यासाठी पुन्हा डिझेल घ्यायचं काही कारण नाही.