चिनी शिकून राह्यला ना भाऊ, मग आधी कान तयार कर

भाऊ, ऐकताना सगळे शब्द सारखेच वाटतात म्हणून घाबरू नको. मंदारिनमधे, म्हणजे तू शिकतो त्या मुख्य चिनी भाषेत, चार सूर असतात, शिवाय एक हलका, अन् सूर बदलला की शब्दच बदलते. 'माइ' खाली नेऊन वर उचलला तर विकत घेणं, वरून झटक्यात खाली सोडला तर विकणं, म्हणजे सौदाच उलटा! आपल्या मराठीत आवाज चढला तर राग कळते, प्रश्न कळते, पण शब्द तोच राह्यते.

डावा मेंदू भाषेचा न उजवा गाण्याचा असं जे सगळे सांगतात ना, ते अर्धवट हाय. २००१ मधे कॅनडातल्या माँट्रियलच्या संशोधकांनी पेट स्कॅन (PET, मेंदूचा कोणता भाग काम करून राह्यला ते दाखवणारी तपासणी) करून पाह्यलं, चिनी सूर ओळखताना चिनी लोकांचा डावा भाग जास्त कामाले लागला अन् इंग्रजीवाल्यांचा उजवा, कारण त्यांच्यासाठी तो नुसता चढउतार होता, अर्थ काहीच नाही. तुझंही सध्या तसंच होत असेल. पण हे बदलते, सरावानं शिकणाऱ्यांच्या डाव्या भागातली हालचाल वाढलेली स्कॅनमधे दिसली हाय.

म्हणून लिपी थोडी मागं ठेव. रोज थोडं ऐक, पण एकाच मास्तरचा आवाज नको, बाई, माणूस, म्हातारे, लेकरं सगळ्यांचे ऐक, नाहीतर कान त्या एका आवाजालेच सरावते. सूर सोडून बाकी सारख्या शब्दांच्या जोड्या घे, ओळख, मग लगेच उत्तर तपास. अन् गावात खंजिरी भजन होत असेल तर जाऊन बसत जा, संगीताची सवय असलेल्यांले हे सूर लवकर पकडता येतात.