स्ट्रोकनंतर पायाचा पंजा लोंबतो, रोजच्या चालण्यासाठी कोणता ब्रेस बरा?

तुमच्या आईंचा स्ट्रोकनंतर पंजा उचलत नाही आणि तुम्ही विचारताय ब्रेस, म्हणजे पाऊल आणि घोटा धरून ठेवणारा आधार, कोणता घ्यावा: तयार इलॅस्टिकचा, मापाचा प्लास्टिकचा की कार्बन फायबरचा. मापाचा प्लास्टिकचा घ्या.

माझ्या बाबांची उजवी बाजू २०१८ ला गेली. हात बराचसा आला, पण पंजा नुसता लोंबायचा नाही तर पाऊल टाकलं की ताठरून आत वळायचा, सगळा भार करंगळीच्या कडेवर. दादाचं एकच, ब्रेस नको, पाय आळशी होतो. मी फारच मागे लागले तेव्हा त्याने ऑनलाइन तो घोट्याला पट्टा आणि बुटाच्या लेसला हुक असतो तसला मागवला. आठव्या दिवशी फिरायला निघताना बाबा उंबऱ्याशीच पडले, कपाळाला चार टाके. पंजा वर होता हो, पण पाय घोट्यात आत मुडपला. तो पट्टा फक्त वर ओढतो, आत वळणं थांबवत नाही, हे फिजिओने तेव्हा सांगितलं.

मग प्लास्टिकच्या ब्रेसचं माप दिलं. घोट्याच्या हाडांवर पेन्सिलने खुणा केल्या, वर ओलं प्लॅस्टर गुंडाळलं आणि ते सुकेपर्यंत माप घेणाऱ्याने बाबांचं पाऊल काटकोनात धरून ठेवलं, हात जरासुद्धा हलवला नाही. प्लास्टिकची कड घोट्याच्या पुढे ठेवली की ब्रेस ताठ राहतो, मागे कापली की पानासारखा लवचिक होतो. तो लवचिक ज्यांची नस दबून पाय नुसता सैल पडलाय त्यांना, बाबांसारख्या ताठर पायाला नाही. पहिल्या दिवशी बाहेरच्या घोट्यावर लाल वळ उठला, अर्ध्या तासानेही जाईना, तर त्यांनी तेवढा भाग गरम करून बाहेर फुगवून दिला. कार्बनचं असं करता येत नाही, आणि किंमत कितीतरी पट. हलका असतो, पाऊल पुढे ढकलतो हे खरं, पण पाय ताठर असेल तर सहसा तो देत नाहीत.

घरात आपण अनवाणी आणि हे प्लास्टिक फरशीवर सरकतं, म्हणून चांभाराकडून खाली रबर लावून घेतलं. बूट एक नंबर मोठा, आतलं सोल काढून, आणि गुडघ्यापर्यंत सुती मोजा.

दादा अजून म्हणतो बाबा व्यायामाने सुधारले. व्यायाम मीच करून घ्यायचे, रोज, ब्रेस काढून, त्याला कोण नाही म्हणतंय? पण ब्रेसशिवाय चालवलं तेव्हा त्यांचा गुडघा दर पावलाला मागे ताणला जायचा, ते दादाने कधी खाली वाकून बघितलं नाही. आळशी होतो म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका.

हां, आईंना शुगर असेल, पायाला बधिरपणा असेल तर रोज रात्री कातडी बघायची, दुखत नाही म्हणून जखम कळतच नाही. पाऊल काटकोनाच्या वर सहज जात असेल तर घोट्याशी बिजागरी असलेला ब्रेसही चालतो, खुर्चीतून उठायला आणि जिन्याला सोपा पडतो, ते तपासणाऱ्याला विचारा. आणि माप द्यायला जाताना रोजचे बूट बरोबर न्या, टाचेची उंची बदलली की ब्रेसचा कोन बदलतो.